घरी कोण ऐकतं?

चष्मा हातातून निसटला तेव्हा ती जिन्याच्या मधोमध होती.

बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. काचांवर थेंब साचले होते, ते पुसायला तिने चष्मा काढला. काखेत छत्री, खांद्याला पिशवी आणि तोंडाने एका शब्दाचा जप. इतकी सगळी कामं एकदम करू नयेत हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असलेल्या गोष्टी वेळेवर आठवतील तर ती माणसं कसली! चष्मा पायरीवर आपटला, टुणकन उडाला आणि दोन पायऱ्यांमधल्या फटीतून दिसेनासा झाला. त्या जुन्या लाकडी जिन्याला मागून फळ्याच नव्हत्या.

खालून आवाज आले.

"आजोबा, वरची ओळ वाचा."

"वाचतो काय कपाळ! अरे, वरून चष्मा पडला माझ्या मांडीवर!"

"लागलं का?"

"लागलं नाही. दिसतही नाही यातून काही."

जिन्याखाली चष्म्याचं दुकान होतं, हे ती रोज बघायची. पण जिन्याच्या पोटातली काळ्या पडद्याआडची जागा ही डोळे तपासायची खोली आहे आणि आपण रोज कुणाच्या तरी डोक्यावरून चालत जातो, हे तिला आज कळलं. कठड्याला धरून ती चाचपडत खाली आली. समोर एक निळसर धूसर उंच आकृती उभी राहिली. चष्म्याशिवाय तिला हाताच्या अंतरापलीकडचं काही दिसत नसे, त्यामुळे सुरुवातीला त्याचा चेहरा तिला दिसलाच नाही. फक्त आवाज ऐकला.

"तुमचा का?"

"हो… सॉरी हं. चुकून पडला."

"सॉरी कसलं? इतकी वर्षं दारात पाटी लावून बसलोय. गिऱ्हाईक थेट छतातून यायला लागलं, म्हणजे आता धंद्याला बरे दिवस आले." आवाजात हसू होतं. "दांडी निखळलीय. बसा, आत्ता बसवून देतो."

ती बाकावर बसली. बारीक स्क्रू फिरवताना तो मध्येच थांबला.

"हा चष्मा तुमचा नाही."

"म्हणजे? चोरला की काय मी?"

"तसं नाही हो. काचा तुमच्या आहेत. फ्रेम दुसऱ्या कुणाची तरी आहे, रुंद नाकाच्या माणसाची. तुमच्या नाकावर ती टिकायची नाही. सारखं नाक वर उडवत असाल तुम्ही."

तिने नेमकं त्याच क्षणी नाक वर उडवलं, चष्मा नसतानाही. तो हसला.

"आईची फ्रेम आहे," ती म्हणाली.

"मग आई काय घालतात?"

"आईने… नवीन घेतला."

झालं. खोटं तोंडातून बाहेर पडायला असा कितीसा वेळ लागतो? खरं सांगायला मात्र आधी घसा कोरडा पडतो, मग हात गार पडतात, आणि तोवर समोरचा माणूस पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

"घेऊन या की आईंना एकदा. कुणी काय घालून दिलंय, बघू तरी," असं म्हणत त्याने स्वतःच्या हाताने तिच्या कानांवर चष्मा चढवला. एकदम त्याचा चेहरा समोर आला. रुंद कपाळ, कानशिलांवर दोन-चार पांढरे केस, आणि डोळे… डोळ्यांचाच धंदा असलेल्या माणसाचे डोळे असे थकलेले का असावेत, असं तिला उगीचच वाटून गेलं.

"आणि ते जिन्यात काय पुटपुटत होतात?"

"शब्द. लाइटसम."

"म्हणजे?"

"तेच तर शोधतेय," असं म्हणून ती पळालीच.

*

वरच्या मजल्यावर इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम चालायचं. माणसं तीन. नामं आणि उरलेलं सगळं तात्यांकडे. ते संपादक. क्रियापदं एका खणखणीत आवाजाच्या बाईंकडे, म्हणून त्या क्रियापदबाई. आणि विशेषणं हिच्याकडे, म्हणून ही विशेषणताई. तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलंच नव्हतं.

तात्यांचा एक नियम होता. कोश आपण लिहायचा, पण पास घरच्यांनी करायचा. प्रत्येक शब्द घरी न्यायचा, अर्थासकट मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्याने तो वापरून आपलं एक वाक्य करून द्यायचं. वाक्य मिळालं तर शब्द कोशात. सकाळी तात्या पहिला प्रश्न विचारत, "घरचे काय म्हणाले?" मग क्रियापदबाईंच्या सासूबाईंची वाक्यं येत. त्यांतली निम्मी क्रियापदबाईंवरच असत. सकाळ कशी हसण्यात जायची.

विशेषणताई कामाला लागली त्या दिवशी तात्यांनी विचारलं होतं, "तुझ्या घरी कोण असतं?"

आई जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. जिभेला जुनीच सवय. "आई असते," ती म्हणून गेली.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी 'चिवट' या अर्थाचा शब्द होता आणि तात्यांनी विचारताच ती म्हणाली, "आई म्हणाली, आमची बाळी आणि मोरीतलं झुरळ, दोघंही सारखीच चिवट." तात्या खुर्चीतून पडता पडता वाचले. क्रियापदबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, तुझी आई म्हणजे भारीच आहे!" 'आहे' म्हणाल्या त्या. त्या 'आहे'ला धक्का लावायचं धाडस तिला झालं नाही.

त्याला आता चार वर्षं होत आली होती. कोशात सगळ्यांत जास्त हशा पिकवणारी आई हीच. घराबाहेर पडत नाही, कारण गुडघे. फोनवर येत नाही, कारण ऐकू कमी येतं. कमी ऐकू येणारी बाई इतके शब्द कशी ऐकते, हे सुदैवाने कुणाच्या डोक्यात आलं नाही.

खरं सांगायचं तर तिला लाज वाटायची. पण संध्याकाळी कुलूप उघडून ती आत जायची, दिवा लावायची, एका माणसाचा भात चढवायची आणि आईची फ्रेम नाकावर सारखी करून शब्द मोठ्याने वाचायची. मग आई यावर काय म्हणाली असती, याचा विचार करायची. तेवढा वेळ घरात दोघी असायच्या. तिच्या दिवसातली ही एवढीच सोबत होती आणि ती सोडवत नव्हती.

तो शब्द मात्र अडून बसला.

"सोडून दे," तात्या म्हणाले. "लाइटसम! आज कोण वापरतं हा? जुन्या पुस्तकांच्या बाहेर याला कुणी विचारत नाही."

"तात्या, जुनी पुस्तकं वाचणाऱ्यालाच कोश लागतो ना? नव्यांचं कोशावाचून अडतंय कुठे?"

"वाद नको. अर्थ काय देतेस?"

तिने समोर टाचणं पसरली. जुन्या लेखकांनी हा शब्द हलकेपणासाठी वापरला होता, पण तो वजनाच्या काट्यावरचा हलकेपणा नव्हे. एका कथेत घर बांधून संपल्यावर संध्याकाळी परत निघालेल्या म्हाताऱ्या गवंड्याची चाल लाइटसम होती. एका गाण्यात टेकडी उतरणाऱ्या मुलीची पावलं. एका कादंबरीत तर आजारातून उठलेल्या बाईचं मन. शेजारीण खिडकीतून बघते आणि नवऱ्याला सांगते, आज ती बघ कशी लाइटसम दिसतेय. हलका म्हणावं तर शब्द उथळ होतो, प्रफुल्ल म्हणावं तर फुलदाणीत जाऊन बसतो, निश्चिंत म्हणावं तर झोप लागल्यासारखा वाटतो.

"बरं," तात्या विरघळले. "महिनाअखेरीला हे अक्षर छापायला जाईल. तोवर तुझ्या आईंनी वाक्य दिलं तर ठेवू, नाहीतर काढू. आणि हो, कोश पुरा झाला की छोटासा समारंभ करायचा. ऐकणारे सगळे पहिल्या रांगेत. तुझ्या आईंसाठी मी गाडी पाठवणार आहे. गुडघ्यांचं कारण चालणार नाही!"



त्या संध्याकाळी भात शिजून गार झाला. शब्द तिने मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, फ्रेम सारखी केली. आई काही बोलेना. चार वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. शेवटच्या दिवसांतली आई तिला आठवत राहिली, आणि त्या आईत हलकं असं काही नव्हतं. टाचणं चाळताना अचानक तिच्या ध्यानात आलं, यातलं एकही माणूस स्वतःला लाइटसम म्हणत नाही. गवंड्याला त्याची बायको म्हणते, मुलीला वाटेवरचा कुणी, बाईला शेजारीण. बघणारं कुणीतरी लागतं. तिने टाचणं गोळा केली आणि गार भात तसाच झाकून ठेवला.

*

दांडी पुन्हा सैल झाली. किंवा तिला तसं वाटलं. पण ती त्याच्या दुकानात गेली हे खरं.

"डोळे तपासून किती दिवस झाले?"

"आठवत नाही."

"मग बसा आत."

पडद्याआड अंधार होता. त्याने तिच्या डोळ्यांवर तपासणीची जड लोखंडी चौकट बसवली आणि एकेक काच घालत विचारू लागला, "आधीचं बरं की हे बरं?"

"हे."

"आता? आधीचं की हे?"

"आधीचं… नाही, हे. तुम्ही सगळ्यांना असंच गोंधळात टाकता का?"

"छे! लोक स्वतःच गोंधळतात. आधीचं सोडवत नाही आणि नवं आवडलेलं असतं." तो काच पुसत म्हणाला, "त्या शब्दाचं काय झालं?"

तिने अर्थ सांगितला, टाचणं तोंडपाठ म्हणून दाखवली. अंधारात बोलणं सोपं जातं. तो न थांबवता ऐकत राहिला. आपलं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकतंय, ही गोष्टच तिला इतकी नवी होती की मध्येच ती पुढचं टाचण विसरली.

डोक्यावर धाड धाड आवाज झाला.

"क्रियापदबाई," तो म्हणाला. "घाईत. बहुतेक पाकीट विसरल्या."

"तुम्हाला काय माहीत?"

"दिवसभर या जिन्याखाली बसतो मी. सगळ्यांची पावलं ओळखतो. तात्या तिसऱ्या पायरीवर थांबून दम खातात. पोस्टमन एक पायरी गाळतो. आजवर चुकलो नाही."

"आणि मी?"

"तुम्ही… एकट्याच असता, पण दोन माणसांच्या वजनाने चढता. आणि सोमवारी जिन्यात खोकून घसा साफ करता. रविवारी आईशी बोलत नाही का?"

दिवा बंद होता म्हणून बरं. शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत तिचा आवाज कुणी ऐकलेला नसायचा. सोमवारी पहिला शब्द घोगरा निघू नये म्हणून ती जिन्यात खोकायची. ही गोष्ट जगात कुणाला कळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"रविवारी आमचं भांडण असतं," ती म्हणाली.

"भाग्यवान आहात. भांडायला माणूस आहे."

मग कळलं की तो दुकानाच्या मागच्याच खोलीत राहतो. थोरला भाऊ आणि वहिनी दुसऱ्या गावात. लग्न ठरलं होतं एकदा, मोडलं. "मुलीने मला नीट पाहिलं," तो म्हणाला, "नंबर बरोबर होता तिचा."

"चूक असेल," ती पटकन बोलून गेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती खाली उतरली की त्याचा पडद्याआडून आवाज यायचा, "विशेषणबाई, चहा?" ती आधी नको म्हणायची आणि मग बसायची. बाहेर पाऊस असला तर तो थांबेपर्यंत, आणि नसला तर येईल या भरवशावर. ती त्याला शब्द ऐकवायची. तो प्रत्येक शब्दाला दुकानातलं काहीतरी चिकटवायचा. 'गर्विष्ठ' म्हणजे ती सोनेरी फ्रेम, जी कुणाच्याच नाकावर बसत नाही. 'लाजाळू' म्हणजे मोठ्या नंबरची माणसं.

"आणि लाइटसम?" ती विचारायची.

"ते आईंचं काम. त्यांच्या पोटावर पाय नको." मग हळूच, "केव्हा आणताय त्यांना?"

"गुडघे हो…"

आणि घरी जाताना वाटभर ती स्वतःला बोल लावायची. आज सांगायला हवं होतं. उद्या नक्की. पण आता सांगितलं तर तो म्हणणार, जी बाई मेलेल्या आईविषयी खोटं बोलते ती आणखी कशाविषयी बोलेल? हा चहा, हा आवाज, "विशेषणबाई" ही हाक… सगळं जाईल. आणि मग परत तो एका माणसाचा भात. ती घाबरली होती.

महिना संपत आला. एका शनिवारी तो म्हणाला, "नंबर बदललाय तुमचा. फ्रेम द्या दोन दिवस. नवी भिंगं बसवतो."

"फ्रेम नाही देणार."

"फ्रेम बदलत नाहीये हो, तीच राहील. वजन फ्रेमचं नाहीच मुळी. तुम्हाला वाटतं फ्रेम जड आहे. जड आहेत त्या जुन्या काचा. प्लास्टिकची भिंगं घालतो आणि नाकाजवळ घासून बसवतो. नाकावर आहे की नाही, कळायचंसुद्धा नाही."

तिने चष्मा काढला, बराच वेळ हातात धरला आणि त्याला दिला. त्याने तिला तात्पुरता एक साधा चष्मा घातला. काम करता करता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मी म्हणत होतो… आईंचे गुडघे दुखतात, तर मीच येतो ना उद्या. पेटी घेऊन येतो, घरीच डोळे तपासतो. आणि… आईंना एक विचारायचंही आहे."

त्याचे कान लाल झाले होते. काय विचारायचं आहे, हे न कळण्याइतकी ती लहान नव्हती. आनंद आणि भीती अशी एकदम अंगावर आली की तोंडातून भलतंच निघालं.

"नको! घरी यायचं नाही! अजिबात यायचं नाही!"

दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. त्याने हातातलं पुसायचं कापड घडी करून ठेवलं, परत उलगडलं, परत घडी केली.

"बरं," तो म्हणाला. "चुकलं माझं."

नाही हो, तुमचं नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण घसा कोरडा पडला होता, हात गार पडले होते. ती निघून गेली.

*

तो रविवार तिला खायला उठला. आईची फ्रेमही घरात नव्हती. तिने भांडी घासलेलीच परत घासली. खिडकीत उभी राहिली. दुपारी एकदा मोठ्याने "आई" म्हणून पाहिलं, तर तो आवाज तिचाच तिला परका वाटला. आई नाही, ही गोष्ट चार वर्षांनी त्या दिवशी तिच्या घरात शिरली आणि समोरच्या खुर्चीत बसली. ती खूप रडली. रडणं आधीच व्हायला हवं होतं, इतकी वर्षं ती वाक्यं करण्यात राहून गेलं होतं.

पुढचे दिवस ती चपला हातात घेऊन, चवड्यांवर जिना चढली आणि तशीच उतरली. पडद्याआडून हाक आली नाही. तपासणीचा आवाज मात्र यायचा… "आधीचं बरं की हे?" तो दुसऱ्या कुणाला तरी विचारत असायचा.

महिनाअखेरीला तात्यांनी टेबलावर टिचकी मारली. "हं, विशेषणताई. लाइटसम. काय म्हणाल्या आई?"

क्रियापदबाई आधीच हसायच्या तयारीत होत्या.

"आई काही म्हणाली नाही," ती म्हणाली. "तात्या… आई नाहीये. मी इथे आले त्याच्या आधीच गेली. घरी कुणी नसतं. मी एकटीच असते."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"अगं पण… ते झुरळाचं वाक्य?" क्रियापदबाई कशाबशा म्हणाल्या.

"आई असती तर जे म्हणाली असती, ते."

तात्या उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "मी त्यांच्यासाठी मधली खुर्ची ठरवून ठेवली होती गं." वळले तेव्हा चेहरा कडक होता, पण डोळे नव्हते. "नियम मोडलास तू. मरणाचं दुःख मी समजू शकतो, पण नियम म्हणजे नियम. शब्द दुसऱ्या माणसाच्या कानावर पडल्याशिवाय पुरा होत नाही. तू ते सगळे स्वतःलाच ऐकवलेस. आता तुझी सगळी विशेषणं पुन्हा ऐकवायची. पहिल्यापासून. जित्याजागत्या माणसाला."

"सगळी?"

"सगळी. खोकी घेऊन जा. आणि कुणी मिळेना तर माझ्या घरी ये. माझी बायको ऐकेल. वाक्यं भयंकर करते, पण ऐकेल."

क्रियापदबाईंनी तिला जवळ घेतलं. "वेडे," एवढंच म्हणाल्या. त्या बाईंच्या तोंडून इतकं छोटं वाक्य याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

टाचणांची दोन जड खोकी एकावर एक रचून, हनुवटीने दाबून धरत ती जिना उतरू लागली. चपला पायात होत्या. जिन्यात मध्यावर आल्यावर पडद्याआडून आवाज आला.

"कोण आहे?"

ती थांबली. आजवर चुकलो नाही, असं म्हणणारा माणूस विचारत होता, कोण आहे.

"मी."

पडदा बाजूला झाला. त्याने तिच्याकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं. "गिऱ्हाईक आहे आत," तो कोरडेपणाने म्हणाला. "बसा."

ती बाकावर बसली. गिऱ्हाईक डोळे तपासून घेऊन, पैसे देऊन, छत्री विसरून, परत येऊन छत्री घेऊन गेलं, तोवर बसली. मग उभी राहिली आणि घसा कोरडा पडायच्या आत सगळं बोलून टाकलं. आई नाही. इथेही खोटं बोलले. घरी नको म्हणाले ते तुम्हाला नाही. घरी दाखवायला काही नव्हतं म्हणून. रविवारी भांडण नसतं. रविवारी काहीच नसतं.

तो ऐकत राहिला.

"मला वाटलं, मी नापास झालो," शेवटी तो म्हणाला. "आठ दिवस झोपलो नाही नीट."

"माहीत आहे… म्हणजे, माहीत नव्हतं. चुकलं माझं."

"खोटं बोललात याचा राग आहे मला. तो जाईल. पण…" त्याने गल्ल्याखालून एक फ्रेम काढून काउंटरवर ठेवली. बारीक, पिंगट, रुंद नाकाची. "आईंसाठी बाजूला काढून ठेवली होती. त्यांना काय काय सांगायचं तेसुद्धा ठरवलं होतं. मला खरंच भेटायचं होतं हो त्यांना." त्याचा आवाज जड झाला. आपल्या आईसाठी आणखी कुणाला तरी वाईट वाटतंय, हे बघून तिला त्याच्याविषयी जे वाटलं, त्याला तिच्या दोन्ही खोक्यांत एकही शब्द नव्हता.

त्याने ड्रॉवरमधून तिचा चष्मा काढला. आईचीच फ्रेम, नाकाशी घासून नीट केलेली, आत नवी भिंगं. तिचा तात्पुरता चष्मा उतरवून त्याने हा तिच्या कानांवर चढवला. तिने सवयीने नाक वर उडवलं. चष्मा हललाच नाही. आहे की नाही, म्हणून तिने हात लावून पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"आहे," तो म्हणाला. "ही खोकी कसली?"

"माझे सगळे शब्द. तात्या म्हणतात, पुन्हा ऐकवा. जिवंत माणसाला."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही… वर्षं लागतील. रोज संध्याकाळी बसलो तरी. रविवारीसुद्धा बसलो तरी."

"रविवारी तर बसावंच लागेल," तो खोकी उचलून आत ठेवत म्हणाला. "चहा?"

या वेळी ती नको म्हणाली नाही.

बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. दोघं बाकावर शेजारी शेजारी बसली. तिने पहिलं टाचण काढलं, पण तो म्हणाला, "थांबा. आधी ते एक राहिलंय." कप दोन्ही हातांत धरून तो जिन्याकडे बघत राहिला. "आज दुपारी जिन्यावरून कुणीतरी लाइटसम उतरत आलं. हातात ओझं होतं म्हणे. मला ओळखूच आलं नाही."

तिने ते लिहून घेतलं. अक्षर जरा वाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी टाचण चष्म्याजवळ धरून वाचलं, खाली ठेवलं, परत उचलून वाचलं. "ठेवतो हा शब्द," ते म्हणाले. मग सवयीने विचारलं, "घरी कोण म्हणालं?" विचारल्यावर त्यांनाच आठवलं आणि ते ओशाळले.

"घरी कुणी नाही, तात्या," ती म्हणाली. "खाली आहे."